माऊस अप्राप्त

दोन हजार सहा साली दसऱ्याच्या चार दिवस आधी महागावच्या कापूस खरेदी संघासमोर एक टेम्पो थांबला, त्यातून तीन खोकी उतरली आणि चलनावर सही करायला मनवरबाबूंना बोलावणं आलं. इथंच घात झाला. दुसऱ्या कोणाला बोलावलं असतं तर त्यानं न वाचता सही ठोकली असती, टेम्पोवाला वेळेवर जेवला असता आणि पुढचं सगळं टळलं असतं.

पण धर्मपाल मनवर हे न वाचता सही करणाऱ्यांतले नव्हेत. संघात टंकलेखक-लिपिक म्हणून त्यांना सव्वीस वर्षं झाली होती, आणि या सव्वीस वर्षांत त्यांचा एकही कागद वरच्या कार्यालयातून दुरुस्तीसाठी परत आला नव्हता. व्यवस्थापक बदलले, अध्यक्ष बदलले, टाइपरायटरच्या फिती तर किती बदलल्या, पण मनवरबाबूंची सही होती तिथंच, तितकीच तिरपी. तालुक्यात कोणाचा अर्जफाटा असला की लोक म्हणायचे, "एक डाव मनवरबाबूले दाखवून घे, मंग दे." या वाक्यावर ते जगत. पगारही मिळे, पण त्याचा काही नेम नसे. हे वाक्य मात्र रोज मिळे.

शिवाय संघात संगणक शिकलेले ते एकटेच. यवतमाळला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, त्यात त्यांनी दोनशे पानी वही भरली होती. वहीच्या पहिल्या पानावर, दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य असं होतं: 'संगणकाचे भाग चार. पडदा, कळफलक, डबा व माऊस. यांपैकी एकही भाग नसल्यास संगणक अपूर्ण समजावा.' दुसऱ्या पानावर: 'प्रथम बाण पाहावा. बाण दिसल्याशिवाय पुढील कृती करू नये.'

मनवरबाबूंनी खोकी मोजली. तीन. पुन्हा मोजली. मग त्यांनी खिशातून लाल पेन काढला, चलनावर 'माऊस अप्राप्त' असं लिहिलं, खाली तारखेसह सही केली आणि टेम्पोवाल्याला दाखवलं.

"काका, मले खोके उतरवायचं सांगतलं," टेम्पोवाला म्हणाला. "उंदराचं मले नाई मालूम."

आता हे यंत्र आलं होतं कशासाठी, ते सांगायला हवं. त्या दिवसांत जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि चांगल्या कारणासाठी कधीच नाही. भाव पडलेला, पाऊस लहरी, आणि खरेदी सुरू झाली की कापसाच्या बैलगाड्यांची रांग संघाच्या फाटकापासून थेट बस स्टँडपर्यंत जायची. माणसं चार-चार दिवस गाडीखाली काढायची. म्हणून वरून ठरलं की संगणकातून नंबराच्या चिठ्ठ्या द्यायच्या; त्या छापायचा प्रिंटर तर उन्हाळ्यातच येऊन कोपऱ्यात पडला होता. तुझा नंबर अमुक, तू गुरुवारी गाडी आण, तोवर आपल्या घरी राहा. योजना चांगली होती. ती चांगली होती हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण ती कोणामुळं अडली तेही सांगायचं आहे.

खोक्यात एक लाखबंद पाकीट होतं. त्यावर छापलं होतं: 'सर्व भाग सुस्थितीत चालू असल्याचे प्रमाणपत्र भरल्यानंतरच उघडावे.' मनवरबाबूंनी ते पाकीट कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि जिल्हा कार्यालयाला पत्र लिहायला बसले. पत्र उत्तम उतरलं. अकरा मुद्दे होते. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की माऊसची आवश्यकता तीन प्रतींत नमूद करावी. त्यांनी चार प्रतींत नमूद केली. मग विचारणा आली की माऊस गोल पिनेचा हवा की चपट्या पिनेचा. मनवरबाबूंनी स्वतः टेबलाखाली जाऊन डब्याची पाठ तपासली, तिथं चपटी भोकं जास्त दिसली म्हणून 'चपट्या' असं कळवलं. मधे दिवाळी आली आणि गेली. अखेर नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी यवतमाळच्या एसटीच्या कंडक्टरनं एक पुडकं आणून दिलं. माऊस प्राप्त झाला होता.

आणि त्याच दिवशी पत्रिकाही छापून आल्या. सोमवारी सकाळी अकरा वाजता जिल्ह्याचे साहेब येणार, आणि 'त्यांच्या शुभहस्ते माऊसची कळ दाबून' चिठ्ठीवाटप सुरू होणार. मजकूर मनवरबाबूंचा होता; माऊस निघाल्याचं कळताच त्यांनी तो लिहून दिला होता. एवढा जीव खाऊन मिळवलेला माऊस पत्रिकेत नको का?

गुरुवारी दुपारी त्यांनी हात धुतले, पुसले आणि माऊसची चपटी पिन डब्यात बसवली. माऊसच्या पोटाखाली लाल दिवा लागला. संघाची शिपाई बिजलीबाई दारात झाडू घेऊन उभी होती, तिनं समाधानानं मान हलवली. डबा घुरघुरला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या ओळी धावत वर गेल्या, आणि शेवटी 'लॉगिन' असा एक शब्द उरला. त्याच्यापुढं एक बारीक रेघ लुकलुकत होती.

बाण नव्हता.

मनवरबाबूंनी माऊस उजवीकडे नेला. डावीकडे नेला. उचलून पाहिला. रेघ आपल्या जागी लुकलुकत राहिली.

व्यवस्थापक प्रेमसिंग जाधव मारेगावहून नुकतेच बदलून आलेले होते आणि रक्तदाबाची गोळी त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. ते म्हणाले, "मनवरभाऊ, दिवा लागला न? मंग चालू हाय लिहून द्या अन् पाकीट फोडा."

"साहेब, बाण नाई."

"बाणाचं लोणचं घालायचं काय?"

"बाण नाई तं चालू कसा लिहू? खाली माही सही राह्यते."

जाधवसाहेबांनी खिशावर हात ठेवला, गोळी आहे याची खात्री केली आणि ते आपल्या खोलीत गेले. बिजलीबाईनं मात्र माऊस उचलून उताणा केला आणि डोळा लावून पाहिलं.

"बाबू, याच्या डोयात रुई गेली."

खरंच गेली होती. संघाच्या मागंच कापसातली सरकी काढायचं जिनिंग. हंगामात कपभर चहा उघडा ठेवला तरी वर तंतू तरंगायचे. त्या भोकात एक बारीक तंतू अडकला होता. बिजलीबाईनं अंबाड्यातला आकडा काढून तो ओढला. मनवरबाबूंचा श्वास मोकळा झाला. अशा साध्या कारणासाठी आपण घाबरलो म्हणून त्यांना हसूही आलं. त्यांनी माऊस टेबलावर ठेवला आणि हलवला. काही झालं नाही.

घरी कांताबाईंनी भाकरी वाढता वाढता विचारलं, "हालला का?"

"कोनं सांगतलं तुले?"

"अवो, सारं महागाव बोलून राह्यलं. दीड महिन्याची पत्रं लिहून आणला, अन् आता हालत नाई म्हन्ते."

शेजारच्या बेबीताई कुंपणावरूनच म्हणाल्या, "ओल धरली असन भाऊ. धाब्यावर उन्हात ठेवा. आमचा ट्रान्झिस्टर तसाच सुधरला."

माणूस खचला की सल्ला ऐकतो. शुक्रवारी सकाळी साडेआठ ते साडेनऊ माऊस मनवरांच्या घराच्या सपाट धाब्यावर पापडांशेजारी होता. पापडांवर कावळा बसू नये म्हणून कांताबाई काठी घेऊन उभ्या होत्या. माऊसवर बसू नये म्हणून मनवरबाबू.

शुक्रवारपासूनच गाड्या यायला लागल्या. सोमवारी खरेदी उघडणार म्हटल्यावर कोण घरी राहतो? चिठ्ठ्या मिळणार हे लोकांनी ऐकलं होतं, पण चिठ्ठी हातात पडेपर्यंत रांगेत उभं राहिलेलं बरं, हा अनुभव. पहिली गाडी खेमसिंग चव्हाणची, फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा माणूस, मिशा मोठ्या आणि आवाज त्याहून मोठा. दुसरी गाडी धनीबाई राठोडची. नवरा गेल्यावर वीस वर्षं तिनं एकटीनं शेती रेटलेली. या दोघांचं पहिल्याच तासात जोरदार वाजलं, कारण खेमसिंगच्या बैलानं मान लांब करून धनीबाईच्या गाडीतला कडबा खाल्ला. ते भांडण मनवरबाबूंच्या खिडकीखालीच झालं, आणि ते संपल्यावर दोघांचीही डोकी खिडकीत आली.

"काहून बाबू, नाई चालत?" खेमसिंगनं विचारलं.

"पाहून राह्यलो."

"नवा हाय न. नवा बैल दोन-चार दिवस जू घेतच नाई. त्याले जास्त टोचू नका."

"ह्याच्या बैलावाणी नसन तो," धनीबाई म्हणाली. "ह्याचा बैल नवा नाई, चोट्टा हाय."

मनवरबाबूंनी खिडकी लावून घेतली. खिडकीला काच नव्हती, त्यामुळं सल्ले येतच राहिले.

शनिवारी त्यांनी माऊस रुमालात गुंडाळला आणि बस स्टँडजवळ राजदीप भगतच्या कॉम्प्युटर क्लासात नेला. राजदीप हा तीस वर्षांचा, मनवरांच्याच वस्तीतला, तालुक्यातला एकमेव जाणकार. त्यानं माऊस आपल्या यंत्राला लावला मात्र, पडद्यावर पांढरा बाण इकडून तिकडं तुरुतुरु पळायला लागला. मनवरबाबू पाहतच राहिले. दीड महिना ज्याच्यासाठी पत्रं लिहिली तो बाण परक्या घरात सुखानं नांदत होता. त्यांना फार वाईट वाटलं.

"काका, माऊस एकदम ओके हाय. तुमच्या मशीनचाच काही लोचा असन."

राजदीप क्लास सोडून संघात आला, खुर्चीवर बसला, काळा पडदा पाहिला आणि हनुवटी खाजवली. डॉक्टरनं अशी हनुवटी खाजवली की घरचे लोक रडायला लागतात.

"काका, हे आपलं नेहमीचं नाई. हे युनिक्सच्या जातीचं दिसते. सर्वर हाय हा. मी हे पुस्तकात वाचलं, पाह्यलं आजच."

"पण चालन का?"

"पाहू न." त्यानं 'लॉगिन'पुढं स्वतःचं नाव टाइप केलं. मग आणखी काही टाइप केलं. पडद्यावर उमटलं: 'लॉगिन इनकरेक्ट'. त्यानं मनवरबाबूंचं नाव टाकलं. पुन्हा तेच.

इनकरेक्ट. मनवरबाबूंनी तो शब्द दोनदा वाचला. त्यांच्या नावासमोर, त्यांच्याच कार्यालयात, बिजलीबाई आणि खिडकीतल्या सात-आठ शेतकऱ्यांच्या देखत, एका डब्यानं 'चूक' असं लिहिलं होतं. सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं. राजदीप म्हणाला, "काका, ते तुमाले नाई म्हनत, पासवर्डले म्हन्ते." पण अपमान झाला की माणूस तपशिलात शिरत नाही.

तेवढ्यात अकरा वाजले आणि भारनियमन सुरू झालं; त्याची वेळ रोज बदलायची. संध्याकाळी पाच वाजता वीज आल्यावर डब्यानं पुन्हा सगळ्या ओळी पहिल्यापासून वाचून दाखवल्या आणि शेवटी मुकाट 'लॉगिन' म्हणून बसला. मनवरबाबू एसटीडी बूथवर गेले आणि त्यांनी नागपूरच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकडं एक माणूस बहुधा कागदावरून वाचत होता.

"माऊस काढा आणि परत लावा."

"लावला."

"यंत्र बंद करा आणि चालू करा."

"ते सरकारच करून राह्यलं रोज."

"मग माऊस काढा आणि परत लावा," तो माणूस म्हणाला, कारण कागद संपला होता.

रविवारी सुट्टी असूनही मनवरबाबू नऊ वाजता संघात हजर झाले. त्यांनी ठरवलं की आता पद्धतशीर काम करायचं. टाइपरायटरवर एक तक्ता काढला: भोक क्रमांक, वेळ, पृष्ठभाग, बाण. डब्याला मागं चार आणि पुढं दोन अशी सहा चपटी भोकं होती. प्रत्येक भोकात माऊस लावून तो टेबलावर, पुठ्ठ्यावर, पाटीवर आणि खिडकीतल्यांच्या आग्रहाखातर खेमसिंगच्या पागोट्यावर चालवून पाहिला. चोवीस नोंदी झाल्या. शेवटच्या रकान्यात चोवीस वेळा 'नाही' असं सुबक टंकलेखन होतं. खिडकीत आता वीसेक लोक होते आणि प्रत्येक भोकाला "आता हालते!" म्हणून ओरडत होते. कोणीतरी शेंगा वाटत होतं. मनवरबाबूंना कळेना की यांना आपला राग कसा येत नाही.

संध्याकाळी घरी जाताना ते रांगेच्या कडेकडेनं गेले. गाड्या दोनशेच्या वर झाल्या होत्या. कुठं चूल पेटली होती, कुठं बैलांना पाणी दाखवणं चाललं होतं, आणि प्रत्येक गाडीवरून कोणी ना कोणी विचारत होतं, "हालला का बाबू?" कोणी कुचेष्टेनं विचारत नव्हतं. ते मायेनं विचारत होते, आणि तेच मनवरबाबूंना सोसवेना. दसऱ्याला यंत्र चालू झालं असतं तर ही माणसं आज आपापल्या घरी असती. उद्या साहेबांचं बोट माऊसवर पडेल आणि काही होणार नाही, मग या तालुक्यात 'मनवरबाबूले दाखवून घे' हे वाक्य कोण म्हणेल? त्या रात्री त्यांनी एकच भाकरी खाल्ली. कांताबाईंनी उरलेली भाकरी झाकून ठेवली.

सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला त्यांनी बूथवरून पुन्हा नागपूरला फोन लावला. या वेळी एका मुलीचा आवाज आला. तिनं आपलं नाव उर्वशी सांगितलं आणि कागदावरून काहीच वाचलं नाही.

"काका, पडद्यावर आत्ता काय दिसतं?"

"काहीच नाही. सगळं काळं. फक्त 'लॉगिन' लिहून आहे."

"मग चालू आहे की ते."

"पण बाण नाही ना!"

"बाण नसतोच त्याच्यावर. तो सर्वर आहे काका. त्याच्यावर चित्रंबित्रं काही टाकलेलीच नाहीत, नुसती अक्षरं. सगळं टाइप करून सांगायचं असतं त्याला. माऊस लावून काय हलवणार?" मग तिला शंका आली. "पण माऊस आला कुठून तुमच्याकडे? आम्ही पाठवताना मुद्दामच दिला नव्हता."

मनवरबाबूंनी बूथच्या भिंतीला हात टेकला.

"म्हणजे हे... दसऱ्यापासून..."

"हो, पहिल्या दिवसापासून चालूच असणार. पाकिटात नाव आणि पासवर्ड आहे, ते टाका, पुढं एका ओळीचा हुकूम टाइप केला की चिठ्ठी छापून निघते. बस." मग काळजीनं तिनं विचारलं, "काका, तुम्हाला टाइप करता येतं ना?"

या प्रश्नावर मनवरबाबू हसायला लागले. मिनिटाला मराठी शब्द चाळीस, इंग्रजी पन्नास, सव्वीस वर्षं. ते इतके हसले की बूथवाल्यानं दार उघडून डोकावून पाहिलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

संघात येऊन त्यांनी प्रमाणपत्र भरलं. 'माऊस' या शब्दापुढं त्यांनी 'आवश्यकता नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. पाकीट फोडलं. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. डब्यानं या वेळी इनकरेक्ट म्हटलं नाही; नवी ओळ दिली आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहत उभा राहिला. मनवरबाबूंनी कळफलकावर दोन्ही हातांची बोटं ठेवली. असं आज्ञाधारक यंत्र त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

जाधवसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी गोळी घेतली.

"म्हंजे माऊसची गरजच नव्हती?"

"नाई साहेब. चूक माही. मी साहेब आले की सर्वांसमोर सांगून टाकतो."

"खबरदार! पत्रिकेत काय छापलं? 'माऊसची कळ दाबून.' मजकूर कोनाचा? तुमचा. साहेब शंभर किलोमीटरवरून माऊस दाबाले येऊन राह्यले, त्याहिले काय सांगता, दाबू नका म्हनून? उद्घाटन होईस्तोवर तोंड उघडायचं नाई. मंग पाहिजे तं भोंगा लावून सांगा."

साहेबांना सांगायची बंदी झाली. पण ज्यांनी चार दिवस गाडीखाली काढले त्यांना सांगायची बंदी कोणी केली नव्हती. मनवरबाबू उठले आणि फाटकाबाहेर रांगेच्या तोंडाशी गेले. साडेदहा झाले होते. खेमसिंग आणि धनीबाई एकाच घोंगडीवर समोरासमोर बसले होते, मधे पितळी लोटा होता, आणि भोवती रांगेतली दहा-बारा जुनी माणसं पंचासारखी बसली होती.

"खेमसिंगभाऊ, धनीबाई, मले एक सांगायचं हाय," मनवरबाबू उभ्यानंच म्हणाले. त्यांनी सगळं सांगितलं. माऊस लागतच नव्हता, यंत्र दसऱ्यापासून चालू होतं, लाल पेन आपलाच, पत्रं आपलीच. "तुमाले हे चार दिवस माह्यापायी काढा लागले. मले माफ करा." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. शिव्या येतील अशी त्यांची तयारी होती, आणि त्या आल्या असत्या तर बरंही वाटलं असतं.

खेमसिंगनं धनीबाईकडं पाहिलं. धनीबाईनं खेमसिंगकडं पाहिलं.

"मंग बाबू," खेमसिंग हळू आवाजात म्हणाला, आणि खेमसिंग हळू बोलू शकतो हे मनवरबाबूंना तेव्हाच कळलं, "आज चिठ्ठी निघते म्हंता का?"

"अकरा वाजता. पक्की."

"थोडी थांबवता नाई येत?"

मनवरबाबूंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय हाय," धनीबाईनं खुलासा केला, "ह्याच्या बैलानं माहा कडबा खाल्ला न, तं शनिवारी ह्याची पोरगी घरून पेंडी घेऊन आली, भरून द्याले. मी पाह्यली. माहा पोरगा इथंच गाडीवर होता, त्यानंबी पाह्यली. पोरगी लई गुणाची हाय बाबू, बापावाणी नाई."

"अन् काल सारा दिवस आम्ही बोलून राह्यलो होतो," खेमसिंग म्हणाला. "सारं ठरलं. पंचबी इथंच हायेत, रांगेत. आता फक्त पोराचा मामा यायचा हाय उमरखेडहून. मामाबिगर साखरपुड्याचा गूळ फोडता येत नाई, आमचा रिवाज हाय. पावनेबाराची एसटी हाय त्याची. अन् तुम्ही अकराले चिठ्ठी काढली तं माही गाडी एक नंबर, हिची दोन नंबर, दोघंबी वजनाच्या काट्यावर. मंग कुठचा मामा अन् कुठचा गूळ? त्याले दोनच्या गाडीनं वापस जायचं हाय."

"चिठ्ठ्या दसऱ्याले निघाल्या असत्या तं," धनीबाई म्हणाली, "हा सोमवारी आला असता अन् मी गुरुवारी. कोनाचा बैल अन् कोनाचा कडबा?" आणि तिनं लोटा मनवरबाबूंच्या पुढं सरकवला. "पानी प्या बाबू. तोंड उतरून गेलं तुमचं."

मनवरबाबू पाणी प्यायले. सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं कुठल्या घोटाला उतरलं ते त्यांना समजलं नाही, पण लोटा रिकामा होईपर्यंत ते उतरलेलं होतं.

"पावनेबारा म्हंता?" ते म्हणाले. "पाहतो काय होते तं."

साहेबांसाठी त्या दिवशीचं भारनियमन रद्द झालं होतं. साहेब अगदी अकराला आले. साहेब वेळेवर येण्याची जिल्ह्याच्या इतिहासात ती पहिली वेळ असावी. हार झाला, नारळ झाला, जाधवसाहेबांचं प्रास्ताविक झालं, साहेबांचं 'बळीराजाच्या दारी विज्ञान' झालं, आणि तरी घड्याळात अकरा वीसच झाले. सगळे टेबलाभोवती जमले. साहेबांनी बोट पुढं केलं.

"एक मिनिट साहेब," मनवरबाबू म्हणाले. त्यांनी माऊस हातात घेतला, पडद्याकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि माऊस सावकाश उजवीकडे नेला. "यंत्र माऊसला अजून ओळखत नाही."

जाधवसाहेबांचा हात खिशाकडे गेला. ओळखत नाही म्हणजे काय, ओळखायचं कारणच नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मनवरबाबूंच्या पायावर पाय दिला. मनवरबाबूंनी पाय काढून घेतला आणि माऊस डावीकडे नेला.

"घाई करू नका," साहेब म्हणाले. "आमच्या घरच्या माऊसचं असंच होतं. खालून फुंकर मारा."

मनवरबाबूंनी फुंकर मारली. मग साहेबांच्या ड्रायव्हरनं वायर सरळ करायला सांगितलं. ती सरळ केली. अध्यक्षांनी माऊस कपड्यानं पुसायला सांगितला. पुसला. मनवरबाबूंनी माऊस पहिल्या भोकातून काढून दुसऱ्यात लावला, तिसऱ्यात लावला, आणि रविवारचा तक्ता समोर ठेवून साहेबांना भोकांची वैशिष्ट्यं समजावून सांगितली. साहेबांनी तक्ता पाहिला आणि ते म्हणाले, "वा! किती शास्त्रशुद्ध काम आहे." आयुष्यात मनवरबाबू कार्यालयात खोटं बोलले नव्हते. पन्नाशी उलटल्यावर हे सुख आपल्याला सापडतं आहे याचं त्यांना नवल वाटलं. खिडकीतले वीसही जण गंभीर चेहऱ्यानं मान हलवत होते, आणि त्यांच्यातला एक सारखा फाटकाकडं पाहत होता.

अकरा पन्नासला बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. मनवरबाबूंनी माऊसला आणखी एक फुंकर मारली. बाराला पाच कमी असताना बाहेर एकदम गलका झाला, कोणीतरी थाळी वाजवली, आणि बायकांनी गाणं धरलं.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"शेतकऱ्यांचा उत्साह साहेब," जाधवसाहेब घाम पुसत म्हणाले.

गर्दीतून वाट काढत बिजलीबाई आत आली. तिच्या मुठीत गूळ होता. तिनं साहेबांना दिला, जाधवसाहेबांना दिला, आणि सगळ्यांत मोठा खडा मनवरबाबूंच्या तोंडात घातला.

"फुटला बाबू," ती कानाशी म्हणाली.

मनवरबाबूंनी माऊस अदबीनं साहेबांसमोर ठेवला आणि हातानंच 'दाबा' अशी खूण केली. दुसऱ्या हाताची बोटं आधीच कळफलकावर होती. ओळ टाइप झालेली होती, फक्त शेवटची कळ बाकी होती. साहेबांचं बोट माऊसवर पडलं, त्याच क्षणी मनवरबाबूंची करंगळी खाली गेली. कोपऱ्यातला प्रिंटर किरकिरला, थरथरला, आणि त्यानं कागदाचा तुकडा बाहेर ढकलला: नंबर एक, खेमसिंग चव्हाण. टाळ्यांचा कडकडाट झाला. खिडकीतून कोणीतरी शिट्टी मारली.

साहेबांनी स्वतःच्या बोटाकडे कौतुकानं पाहिलं.

"बघा मनवर," ते म्हणाले, "तुमचा हात हलका पडत होता. असल्या कामाला जरा ठामपणे दाबावं लागतं. लक्षात ठेवा."

मनवरबाबूंच्या तोंडात गूळ होता. त्यांनी मान डोलावली आणि धनीबाईचं नाव टाइप करायला घेतलं.